एक फ्रेम थांबून बघू

लांब दांडी हवी होती आणि ती येत नव्हती. टेट्रिस खेळलेल्या कुणालाही यापुढचं सांगायची गरज नाही. उजव्या कडेला एका घराची विहीर सोडलेली, बाकीचे नऊ रकाने गुळगुळीत भरलेले, आणि पुढच्या तुकड्याच्या चौकटीत चौकोन. मग झेड. मग पुन्हा चौकोन. अशा वेळी माणूस मशिनला चार शब्द सुनावतो आणि झक मारत पुढे खेळतो. मी त्या रात्री खेळत नव्हते. एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची संगणकावर नक्कल करणारा प्रोग्रॅम, थांबवलेला होता, पडद्याच्या कोपऱ्यात फ्रेमचा आकडा गोठून उभा होता, आणि मला मागे जायची मुभा होती.

सेव्हस्टेट, म्हणजे खेळाची आधी जपून ठेवलेली अवस्था, लोड केली. या वेळी हातातला तुकडा एक फ्रेम उशिरा टेकवला. एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. चौकटीत टी आला. परत मागे. दोन फ्रेम उशिरा: एल. तीन फ्रेम: पुन्हा टी. चार फ्रेम: दांडी.

मी खुर्चीत मागे टेकले. जिच्यासाठी लहानपणापासून इतका जीव टाकला, ती दांडी चार फ्रेम पलीकडे उभी होती. बहुधा नेहमीच तेवढ्यावर उभी असायची.

हा उद्योग चालला होता टॅससाठी. स्पीडरन म्हणजे खेळ कमीत कमी वेळात संपवणं; टूल-असिस्टेड स्पीडरन, म्हणजे टॅस, हा हत्यारं हाताशी घेऊन केलेला स्पीडरन. खेळ एकेक फ्रेम पुढे न्यायचा, त्या फ्रेमला कोणती बटणं दाबलेली असावीत ते ठरवायचं, पटलं नाही की सेव्हस्टेटवर मागे यायचं आणि नव्याने ठरवायचं. असं मागे येण्याला रीरेकॉर्ड म्हणतात, आणि त्याची मोजणी फाइलमध्ये आपोआप वाढत जाते. शेवटी हाती उरते ती फक्त बटणांची यादी: अमुक फ्रेमला उजवीकडे, तमुक फ्रेमला उजवीकडे आणि ए. व्हिडिओ मागाहून बनतो. मूळ ऐवज ती यादीच.

हा शब्द मुळात डूम या राक्षसांवर गोळ्या झाडायच्या खेळावाल्यांचा. डूमचा सोर्स कोड डिसेंबर १९९७ मध्ये खुला झाला आणि १९९९ मध्ये काही मंडळींनी त्यात फेरफार करून सावकाश गतीत, तुकड्या-तुकड्याने डेमो, म्हणजे आपल्या खेळाची नोंद, रेकॉर्ड करायची सोय केली. पण गाजावाजा झाला तो २००३ मध्ये. मोरिमोतो नावाने वावरणाऱ्या एका जपानी खेळाडूचा सुपर मारियो ब्रदर्स ३ अकरा मिनिटांत संपवणारा व्हिडिओ इंटरनेटवर फिरू लागला, आणि फिरता फिरता तो कसा बनवलाय ही माहिती वाटेत कुठेतरी गळून पडली. लोकांना वाटलं, हे कुणीतरी हाताने खेळलंय. खरं कळल्यावर बरेच जण भडकले. त्या भडकण्यात मला फारसा रस नाही. कोरीव काम एका फटक्यात झालं नाही म्हणून त्याला कुणी लबाडी म्हणत नाही.

मला कुतूहल आहे ते दुसऱ्याच गोष्टीचं. हात चुकला तर सेव्हस्टेट तो सुधारून देते. पण शत्रू डावीकडे वळेल की उजवीकडे, पेटीतून काय निघेल, पुढचा तुकडा कोणता येईल, हे तर खेळाच्या हातात. तिथे हत्यारं काय करणार?

याचं उत्तर शोधायचं तर जुन्या यंत्रांची गरिबी आधी समजून घ्यावी लागते. टेट्रिस ज्यावर चालायचा त्या निन्टेन्डोच्या करड्या डब्याला किती वाजलेत हेसुद्धा कळत नाही. त्याच्याकडे खरंखुरं अनिश्चित असं काही नाहीच. मग तो दैवाचं सोंग आणतो. १९८९ च्या टेट्रिसमधलं सोंग इतकं साधं आहे की ते कागदावर करून बघता येतं. सोळा घरांची एक पट्टी घ्या, प्रत्येक घरात ० किंवा १. त्यातल्या ठरलेल्या दोन घरांत डोकवायचं. दोन्हींत सारखंच असेल तर ०, वेगळं असेल तर १, हा झाला नवा आकडा. आता सगळी पट्टी एक घर उजवीकडे सरकवायची. उजव्या टोकाचा आकडा पडून जातो, आणि डावीकडे मोकळ्या झालेल्या घरात नवा आकडा बसवायचा. संपलं. दर फ्रेमला हे एकदा. सुरुवातीची पट्टी कायमची ठरलेली, आणि ३२,७६७ पावलांनी ती फिरून मूळ जागी येते. नुसती चालत ठेवली तर जेमतेम नऊ मिनिटांत तिचं सगळं विश्व संपतं.

मग दर वेळी तुकडे वेगळे का येतात? तुमच्यामुळे. टायटल स्क्रीनवर तुम्ही स्टार्ट कधी दाबलंत, पहिला तुकडा कितव्या फ्रेमला टेकला, बोट खालच्या बटणावरून किती लवकर उचललं. पट्टी तिच्या तंद्रीत सरकत असते. फासा सतत लोळतोच आहे, आपण त्यावर हात कधी ठेवतो एवढंच अनिश्चित. बोटाला साठाव्या भागाचा नेम साधत नाही, म्हणून त्याला आपण नशीब म्हणत आलो.

तुकडा निवडण्यातही एक गंमत आहे. पट्टीवरून शून्य ते सात असा आकडा काढतात. तुकडे सातच, म्हणजे आठवा निकाल फुकट. तो फुकटचा निकाल आला किंवा मागचाच तुकडा परत आला, तर आणखी एकदा काढायचा, आणि या खेपेला जे येईल ते मुकाट घ्यायचं. त्यामुळे लागोपाठ तोच तुकडा यायची शक्यता सातात एक न राहता साधारण अठ्ठाविसात एक होते. खेळताना मला कायम वाटायचं की हे मशीन माझ्यावर डूख धरून आहे. कोडमध्ये बघितलं तर कुणा प्रोग्रॅमरने उलट थोडी दयाच दाखवलेली निघाली.

प्रत्येक खेळाचं सोंग निराळं. १९९३ च्या डूममध्ये पट्टीबिट्टी काही नाही. २५६ आकड्यांचा एक तक्ता आहे, ०, ८, १०९, २२०, २२२, २४१ असा सुरू होणारा, आणि खेळ तो ओळीने वाचत जातो. संपला की पुन्हा पहिल्यापासून. राक्षस गोळी झाडेल का, झाडली तर किती लागेल, सगळं त्यातूनच. म्हणून डूमच्या टॅसमध्ये खेळाडू जाता जाता रिकाम्या भिंतीवर एखादी गोळी झाडू शकतो. भिंतीशी त्याचं वैर नसतं. तक्त्यातले काही आकडे खर्ची पडावेत आणि पुढच्या राक्षसाच्या वाट्याला सोयीचा आकडा यावा, एवढाच हेतू. पोकेमॉनचे गेमबॉयवरचे पहिले खेळ यंत्राच्या आत सेकंदाला १६,३८४ वेळा पुढे सरकणाऱ्या एका मोजणीत डोकावतात. सुपर मारियो ६४ चं सूत्र सोळा बिटांचं आहे, म्हणजे ६५,५३६ आकड्यांना वाव; प्रत्यक्षात ते ६५,११४ आकड्यांतच फिरत राहतं. उरलेले ४२२ त्या जगात कधी उगवतच नाहीत. आणि माझी आवडती युक्ती १९९१ च्या झेल्डाची, ‘अ लिंक टु द पास्ट’ची. त्याला यादृच्छिक आकडा लागला की तो विचारतो, पडद्यावर चित्र काढणारी रेघ या क्षणी आडवी कुठवर पोचली? आलेल्या उत्तरात फ्रेमची मोजणी मिसळतो आणि झालं दैव तयार.

टॅसवाले या सगळ्याशी जे करतात त्याला लक मॅनिप्युलेशन असं भारदस्त नाव आहे. आपल्याला इथे शकुनी आठवणं साहजिक आहे, पण ती उपमा बसत नाही. शकुनीचे फासे शकुनीचं ऐकायचे. इथले फासे कुणाचंच ऐकत नाहीत, खेळाच्या एका बाइटलाही कुणी हात लावलेला नसतो. बदलता येतं ते फक्त स्वतःचं वागणं. जरा थांबा, उगीच मागे वळा, गरज नसताना उडी मारा, शत्रूला या बाजूने न मारता त्या बाजूने मारा. आणि यातल्या बहुतेक गोष्टींना फ्रेम लागतात. स्पीडरनमध्ये फ्रेम हेच चलन, तेव्हा नशीब इथे सरळ विकत मिळतं. फक्त भाव कुठे लिहून ठेवलेला नसतो.

भाव ठरवते खेळाची यंत्रणा. हे माझ्या डोक्यात शिरलं ते एका चुकीमुळे, निदान मला ती चूक वाटली.

मी टेट्रिसचा बी-टाइप घेतला होता: पंचवीस ओळी फोडल्या की खेळ संपतो. पंचवीस ओळींची अडीचशे घरं, एका तुकड्याची चार, म्हणजे किमान त्रेसष्ट तुकडे. चारचार ओळी एकदम फोडल्या तर सात वेळांत काम भागतं, आणि दर फोडणीला अ‍ॅनिमेशनचा वेळ जात असल्याने सात वेळा फोडणं पंचवीस वेळा फोडण्यापेक्षा कितीतरी स्वस्त. म्हणून दांड्या हव्यात, सहा तरी. दुसरीकडे रचना उंच ठेवली तर तुकड्याचा पडायचा वेळ वाचतो: खालचं बटण दाबून ठेवल्यावर तो दर दोन फ्रेमला एक घर उतरतो, तेव्हा चार घरं उंच टेकला की आठ फ्रेम खिशात. त्यातल्या दोन लगेच परत जातात, कारण उंचावर टेकलेल्या तुकड्यानंतर पुढचा यायला जरा उशीर होतो. शिवाय शेवटी जेवढी रचना न फुटता उरेल तेवढे तुकडे वाया. असे हिशेब जागोजागी.

तर पहिल्या चार ओळी फुटत होत्या आणि त्यानंतर मला विशिष्ट तुकडा हवा होता. दांडी एक फ्रेम उशिरा टेकवली. आला तोच तुकडा. दोन फ्रेम उशिरा. तोच. मला वाटलं सेव्हस्टेट चुकीची लोड होतेय. बटणांची यादी तपासली, एम्युलेटर बंद करून परत उघडला. तिसऱ्या फ्रेमला तुकडा बदलला, आणि मग पुढचे तीन प्रयत्न पुन्हा एकसारखे. अर्धा तास असा घालवल्यावर उलगडा झाला. ओळ फुटताना मधून कडांकडे पुसत जाणारं जे अ‍ॅनिमेशन दिसतं, ते दर चौथ्या फ्रेमलाच पाऊल टाकतं. तुकडा या फ्रेमला टेकला काय नि पुढच्या फ्रेमला काय, ते आपल्या चौथ्या फ्रेमची वाट बघत थांबतं. माझा उशीर त्या वाट बघण्यात विरून जात होता. तिथे सुटे पैसे चालत नव्हते. नशीब हवं तर चार फ्रेमची नोट मोडायची. याची दुसरी बाजूही तितकीच खरी: तिथे एखाददुसरी फ्रेम सांडली तर तिचं सुतक पाळायचं कारण नाही.

हाच प्रकार मोठ्या मापावर बघायचा तर १९८५ चा सुपर मारियो ब्रदर्स. त्यातले काही टायमर दर एकवीस फ्रेमनी एकदाच हलतात, आणि बहुतेक स्तर संपल्यावर पुढचा स्तर सुरू व्हायला या एकवीस फ्रेमच्या ठोक्याची वाट बघावी लागते. याचं नाव फ्रेमरूल. स्पीडरनवाल्यांत याच्यासाठी बसची उपमा रुळली आहे: बस दर एकवीस फ्रेमनी सुटते, तुम्ही थांब्यावर धापा टाकत या की रमतगमत, ती तिच्या वेळेलाच निघणार. एका स्तरात दहा फ्रेम वाचवल्या आणि तरी आधीची बस हुकली, तर त्या दहा फ्रेमची किंमत शून्य.

आता यात नशीब घाला. मारियोच्याही आकड्यांची पट्टी दर फ्रेमला सरकते. पण पुढचा स्तर सुरू होतो बस सुटायच्या वेळीच. म्हणजे मध्ये पॉज दाबलं नाही, तर त्या क्षणी पट्टी कुठे असेल ते तुम्ही कोणती बस पकडलीत यावरच ठरतं. थांब्यावर कितीही हुंदडा, पुढच्या स्तराचं नशीब तसूभर हलणार नाही. ते हलवायचं तर अख्खी बस सोडायची, सेकंदाचा तिसरा हिस्सा एकरकमी. शेवटच्या ८-४ या स्तरात बस नाही, तिथे प्रत्येक फ्रेम मोजली जाते, आणि खलनायक बाउझर हातोडे कधी फेकेल, उडी कधी घेईल, हे नेमकं तिथेच आडवं येतं.

माणूस या खेळात टॅसच्या इतका जवळ पोचला त्यामागे फ्रेमरूलचा मोठा हात आहे असं मला वाटतं. एप्रिल २०२१ मध्ये पहिल्यांदा कुणीतरी हाताने खेळून ४ मिनिटं ५५ सेकंदांच्या आत आलं. टॅसही ४ मिनिटं ५४ सेकंदांतच आहे. उरलाय तो सेकंदाच्या अंशांचा फरक. खेळच दर स्तराअखेरीस माणसाच्या बारीकसारीक चुका पोटात घालतो.

सुपर मारियो ब्रदर्स ३ मधली उडती जहाजं त्याहून पुढची. तिथे पडदा आपल्या चालीने सरकतो, तुम्ही काहीही करा. वेळ वाचवताच येत नाही म्हणजे सगळंच फुकट. मोरिमोतो नेमका तिथे तोफगोळ्यांच्या डोक्यावरून टुणटुण उड्या मारत जादा जीव गोळा करत बसतो. त्या व्हिडिओतला सगळ्यात लक्षात राहणारा भाग असा आहे की त्याचा वेगाशी काडीचाही संबंध नाही.

याच खेळाच्या आठव्या जगात पुलावर हात आहेत. तीन ठिकाणं, आणि प्रत्येक ठिकाणी खालून हात येऊन तुम्हाला ओढून न्यायची शक्यता निम्मी. नेलं की एक अख्खा छोटा स्तर खेळून बाहेर यायचं. तिन्ही चुकवायची शक्यता आठात एक. हाताने खेळणारा धावपटू इथवर सगळं बिनचूक खेळून येतो आणि मग त्या पुलावर नुसता चालतो, कारण चालण्यापलीकडे करण्यासारखं काही नसतं. टॅसमधला मारियो योग्य फ्रेमला पाऊल उचलतो आणि हात जमिनीखालीच राहतात.

हात टेकण्याऐवजी माणसांनी मग टॅसवाल्यांच्या वह्या उसन्या घेतल्या. पोकेमॉन रेडचे धावपटू सुरुवातीच्या मेनूंत ठरलेल्या क्षणी ठरलेली बटणं दाबतात, मग ठरलेल्या वाटेने न अडखळता चालतात, आणि गवतातून हवा तो निडोरान, म्हणजे खेळातला एक प्राणी, हव्या त्या गुणांसह पुढ्यात येतो. याला ते नुसतं मॅनिप म्हणतात. तरीही पूर्ण सुटका नाहीच. या खेळात शंभर टक्के लागणारा म्हणून गणलेला हल्लाही २५६ मध्ये एकदा हुकतो. खेळ शून्य ते २५५ मधला एक आकडा काढतो आणि तो २५५ पेक्षा लहान आहे का, एवढंच विचारतो. ‘लहान किंवा तेवढाच’ असं विचारायचं राहून गेलं. तासा-दोन तासांची मेहनत शेवटच्या लढाईत या एका राहून गेलेल्या शब्दावर आपटताना पाहिली की टॅसवाल्यांचा हेवा वाटतो.

जिथे दैवाला फारसा वावच नाही तिथे यंत्रणा एकटीही निकाल देते. अटारी २६०० वरच्या ड्रॅगस्टर या १९८० च्या खेळात ५.५१ सेकंदांचा एक विक्रम १९८२ पासून नोंदलेला होता. २०१७ मध्ये एका अभ्यासकाने कोड उलगडून खेळाचं सगळं गणित स्प्रेडशीटमध्ये मांडलं. बटणं कितीही आदर्श दाबली तरी ५.५७ च्या खाली जाता येईना. जानेवारी २०१८ मध्ये तो विक्रम यादीतून काढला गेला.

पण परत माझ्या टेट्रिसकडे, कारण खरी गोची मी अजून सांगितलेलीच नाही. चाळिसाव्या तुकड्यापाशी पोचल्यावर मला दिसलं की बाविसाव्यापाशी दोन फ्रेम वाचवता आल्या असत्या. एक बाजूचं बटण आधी दाबायचं, एवढंच. वाचवायच्या तर वाचवा. पण त्या वाचल्या की पुढचा तुकडा दोन फ्रेम आधी जन्मणार, पट्टी दोन पावलं मागे असणार, आणि तेविसाव्यापासून पुढे सगळे तुकडे वेगळे. चार संध्याकाळी खर्चून लावलेली मांडणी मातीमोल. बरं, तेविसाव्याच्या आधीच एखादी ओळ फुटत असेल, तर अ‍ॅनिमेशन चौथ्या फ्रेमची वाट बघताना त्या दोन फ्रेम गिळून टाकणार, म्हणजे तुकडे तेच पण फायदा शून्य. एक तर कमाई हाती लागत नाही, नाही तर ती लागते आणि घर बदलावं लागतं.

प्रत्येक तुकड्यापाशी थांबण्याचे नुसते चार पर्याय धरले, तरी त्रेसष्ट तुकड्यांच्या वाटांचा आकडा अडतीस अंकी होतो. लोक यासाठी स्क्रिप्ट लिहितात, मशीनला रात्रभर हजारो वाटा तुडवायला लावतात. मीही एक लिहिली. तिने दांडी एका फ्रेममध्ये आणून दिली आणि मी खूश झाले. पुढच्या सात तुकड्यांत दांडी फिरकलीच नाही. तीन फ्रेम मोजून घेतलेली वाट पुढे स्वस्त पडत होती, पण ते कळायला ती वाट चालूनच बघावी लागली. टॅसच्या दुनियेत कुणी ‘आता याहून वेगवान शक्य नाही’ असं छातीठोक म्हणत नाही ते उगीच नाही. छापून आलेली यादी दोन वर्षांनी कुणीतरी सहा फ्रेमनी मोडतो, आणि त्यातल्या चार फ्रेम फक्त चांगल्या नशिबाच्या असतात.

यादी बनली तरी ती सगळीकडे चालेल याची हमी नाही. माझी अर्धवट फाइल मी दुसऱ्या एका एम्युलेटरवर लावली. तिथे खेळ सुरू व्हायला एक फ्रेम जास्त लागत होती, बस्स. पहिलाच तुकडा वेगळा आला. यादीला त्याचं सोयरसुतक नव्हतं. जिथे दांडी असायला हवी होती तिथे एस होता, पण बटणं दांडीचीच दाबली जात होती, त्याच ऐटीत, त्याच अचूक फ्रेमला. एस जाऊन विहिरीच्या तोंडावर आडवा बसला. त्यावर चौकोन. त्यावर आणखी काहीतरी तिरपं. याला डिसिंक म्हणतात. बघवत नाही आणि नजरही हटत नाही. एखादं माणूस न दिसणाऱ्या फर्निचरला वळसे घालत चालावं तसं.

खऱ्या कन्सोलवर यादी चालवून दाखवणं हा तर वेगळाच छंद. जानेवारी २०१४ मध्ये ऑसम गेम्स डन क्विक या धर्मादाय कार्यक्रमात टॅसबॉट नावाच्या यंत्राने सुपर मारियो वर्ल्डला कंट्रोलरच्या तारेतून इतकी बटणं भरवली की त्या खेळाच्या आत पाँग आणि स्नेक हे दुसरेच खेळ सुरू झाले. पण असली करामत बसवणाऱ्यांना विचारावं, खरं दैव कुठे राहतं. निन्टेन्डोच्या त्या करड्या डब्यात एका प्रकारचा ध्वनी वाजत असताना कंट्रोलरची वाचणी अधूनमधून बिघडते, म्हणून काही खेळ दोनदा सारखं उत्तर येईपर्यंत पुन्हा पुन्हा वाचतात, आणि किती वेळा वाचलं यावर यादी घसरते. सुपर निन्टेन्डोत ध्वनीच्या चिपला स्वतःचा वेगळा सिरॅमिक रेझोनेटर, म्हणजे ताल देणारा चिनीमातीचा तुकडा, आहे. त्याने सेकंदाला ३२,००० नमुन्यांचा ताल धरावा अशी अपेक्षा; प्रत्यक्षात तो किंचित पुढे पळतो, आणि यंत्र तापलं की आणखी. मुख्य प्रोसेसर ध्वनीच्या चिपसाठी थांबतो, थांबण्यात केसाएवढा फरक पडतो, तो फरक कधी एका फ्रेमच्या सीमेवर येतो, आणि मग सगळं आकड्यांचं विश्व एक पाऊल सरकतं. २०२५ मध्ये टॅसबॉटच्या मंडळींनी लोकांकडून आपापल्या कन्सोलची मोजमापं मागवली, हे जुने डबे वयाबरोबर आणखी वेगाने धावू लागलेत का ते तपासायला. खेळातला फासा पहिल्यापासून ठरलेला होता. न ठरलेलं होतं ते त्याच्या शेजारचं चिनीमातीचं चिमुकलं.

हल्ली टॅस बघताना मी थांब्यांवर लक्ष ठेवते. अमानुष वेगाने धावणारं पात्र एखाद्या दारापाशी येतं आणि कारण नसताना तीन फ्रेम उभं राहतं. किंवा एकदा मागे वळतं आणि पुन्हा पुढे. डोळ्याला ते जाणवतही नाही, फ्रेम-फ्रेमने बघितलं तरच सापडतं. तिथे मला बनवणारा दिसतो, रात्री उशिरा, पाच वाटा चालून बघून परत आलेला.

माझ्या फाइलमध्ये असा एक थांबा अकराव्या तुकड्यापाशी आहे. तीन फ्रेमचा. काल पुन्हा उघडली, दोन फ्रेममध्ये जमतंय का बघायला. दोन फ्रेम थांबलं की झेड येतो. झेड बसवला की डावीकडे एक खळगा राहतो, पण पुढची दांडी दोन तुकडे अलीकडे सरकते, आणि तिच्या मागोमाग जो एल येतो तो त्या खळग्यात उभा बसेलसं दिसतंय. बसला तर एक फ्रेम वाचली. मध्ये एक ओळ फुटते, ती ही फ्रेम गिळणार की चार करून परत देणार, ते अजून बघितलेलं नाही.